नवरीची तापलेली गाडी

बारामती,
वैशाख वद्य षष्ठी, शके १८७८

तीर्थस्वरूप द्वारकावन्सं यांस,

शकुंतलेचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवते आहे, पण तुमच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही इतक्या हलकेच. गुडघे आता कसे आहेत? साताऱ्यात एरंडाची पानं मिळतात का, की इथून पाठवू? कुंडलिकचा खोकला थांबला असेल. माझी प्रकृती ठीक आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून ठीक आहे.

वन्सं, छत्तीस सालच्या उन्हाळ्यातली ती दुपार तुम्हांला आठवते का? आपण इंदापूरहून परत येत होतो. लासुर्ण्याच्या अलीकडे यांनी लिंबाखाली गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. आपण दोघी मागच्या बाकावर भाजलेल्या शेंगा सोलत बसलो होतो. तुमच्या मांडीवर टरफलं, माझ्या मांडीवर दाणे. (तुम्ही सोलत होतात आणि मी खात होते, हे आज वीस वर्षांनी कबूल करते.) तुम्ही म्हणालात, ‘आमच्या मोहनने ही दुसरी बायको केली आहे, आणि पहिलीला शेंगा देऊन गप्प बसवतो.’ मी हसले, पण मनात राग धरला. कारण हे नेहमीचंच होतं. माझ्या माहेरी गेलो तरी हे आधी घरात येत नसत. सगळे ओसरीवर वाट बघायचे आणि जावई रस्त्यावर, बॉनेट उघडून, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसे. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की जावयाला आमचं घर आवडत नाही.

ही आठवण उगाच काढली नाही. तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत की गाडी कुंडलिकला कधी देणार. यांनी शेवटच्या दुखण्यात तसं म्हटलं होतं, ‘माझ्यामागे गाडी भाच्याला,’ आणि मी ते विसरलेले नाही. पाच वर्षं मी आज-उद्या करत राहिले. पण परवा कौसल्येच्या लग्नात जे झालं त्यानंतर ही गाडी दारात उभी असलेली मला पाहवत नाही. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कोणाकडून कानावर आलं तर ते निराळंच येईल.

कौसल्या म्हणजे आमच्या स्वयंपाकीण फुलाबाईची मुलगी. तुम्ही पाहिली तेव्हा परकरात होती आणि तुमच्या पेटीतले लाडू तिने मोजून दाखवले होते. तिचा बाप लवकर गेला, म्हणून ती माझ्याच स्वयंपाकघरात वाढली आणि माझ्याच पाटीवर लिहायला शिकली. तिचं लग्न इंदापूरच्या गेणबांच्या मुलाशी ठरलं. गेणबा उसाचे बागायतदार, साखर कारखान्याचे सभासद. त्यांना मुलगी पसंत पडली ती वाचता येतं म्हणून. कारखान्याकडून कागद येतात, मुलगा शेतात असतो, घरात कोणी वाचणारं नाही. त्यांच्याच घरात राहणारी त्यांची थोरली बहीण रंगूबाई मात्र पहिल्यापासून विरुद्ध होती. तिचं म्हणणं असं की वाचणारी सून चुलीवरचं दूध उतू घालवते. (माझं स्वतःचं किती दूध उतू गेलं आहे ते आठवून मी तिला दोष देत नाही.)

आता गाडीचं सांगते. हे गेल्यापासून आमची गाडी या भागातल्या प्रत्येक लग्नात मानाची पाहुणी झाली आहे. ‘मोहनरावांची गाडी’ मिळाल्याशिवाय सांगवीपर्यंतच्या कोणाचं लग्न लागत नाही. तिला हार घालतात, कुंकू लावतात, ओवाळतात. मला मात्र निरोप येतो की पंगत उठली की निवांत या. गाडी सवाष्ण आहे, वन्सं, मी नाही. एकाच माणसामागे आम्ही दोघी राहिलो आणि तिचं कुंकू तेवढं शाबूत राहिलं. याचं मला वाईट वाटत नाही असं मी फार दिवस स्वतःला सांगत होते.

तर कौसल्येला बारामतीहून इंदापूरला नेण्यासाठी गाडी दिली. लग्न त्यांच्या दारी, गोरज मुहूर्तावर, सहा वाजून बावन्न मिनिटांनी. आम्ही दुपारी दोनला निघालो. गाडीत कौसल्या, फुलाबाई, पुढे कौसल्येचा मामा झुंबर आणि हाकायला सोपान. (सोपान लष्करात ट्रक चालवत असे. त्यामुळे त्याला वाटतं की गाडी हुकूम केला की ऐकते.) फुलाबाई माझा हात सोडेना, ‘बाई, तुमी गाडीतच बसा’ म्हणून रडायला लागली. पण भावकीतल्या बायका आधीच एकमेकींकडे बघत होत्या. म्हणून मीच म्हटलं, मला गाडीत मळमळतं. आणि मागून रुखवताची भांडी घेऊन येणाऱ्या भाजीच्या मालट्रकात जाऊन बसले. माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागे, तिचाच धुरळा खात, एका हातात परात आणि दुसऱ्या हातात समई धरून, मी इंदापूरला निघाले. कॉन्व्हेंटातल्या मदरनी आम्हांला ताठ बसायला शिकवलं होतं. ते शिक्षण त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कामाला आलं, कारण टेकायला जागाच नव्हती.

झुंबरमामाने बरोबर नारळांचं एक पोतं घेतलं होतं. वाटेत ओढा लागला, कालव्याचा पूल लागला, गावाची शीव लागली की नारळ फोडायचा. भाची पहिल्यांदा सासरी निघाली आहे, कोणताही देव, कोणतंही पाणी नाराज राहता कामा नये. इथपर्यंत ठीक होतं. पण नारळ फुटताना एंजिनाची धडधड कशाला, म्हणून सोपान प्रत्येक वेळी गाडी बंद करायचा. देवापुढे चपला काढाव्यात त्या भावनेने तो चावी फिरवायचा. शिवाय बॉनेटवर झेंडूच्या माळा, पुढच्या जाळीवर फुलाबाईने हौसेने बांधलेली जरीची शाल, म्हणजे वारा आत जायला फट नाही. वैशाखातली अडीच वाजताची वेळ, आणि गाडीला शाल पांघरलेली.

वन्सं, तुम्हांला एक गोष्ट ठाऊक नसेल. मी गाडी कधी चालवली नाही, पण मी ती वाचली आहे. गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. यांचं इंग्रजी कचेरीपुरतं. म्हणून रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर मी एक एक पान वाचून मराठीत सांगायची आणि हे मान डोलावत ऐकायचे. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा या घरात झालेला हा एकमेव उपयोग. (एरवी ते सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्यांवरची चिठ्ठी वाचण्यापुरतं होतं.) त्या पुस्तकात एक प्रकरण होतं, तापलेलं एंजिन पुन्हा सुरू का होत नाही याचं. एंजिन चालू असतं तोवर त्याच्या अंगावरून वारा वाहतो आणि आतून पाणी फिरतं. ते बंद केलं की वारा थांबतो, पाणी थांबतं, पण लोखंडातली धग जाणार कुठे? ती वर चढते आणि शेजारच्या कार्ब्युरेटरला भाजून काढते. त्याच्या पोटातलं पेट्रोल उकळतं आणि उतू जातं, नळीत वाफ कोंडते. म्हणजे गाडी थांबल्यानंतरच पहिली काही मिनिटं तो भाग सर्वांत जास्त तापतो. हे वाचल्यावर मी यांना म्हटलं होतं की माणसांचंही असंच आहे, भांडण चालू असताना नव्हे, थांबल्यावर डोकं तापतं. हे म्हणाले, ‘पुढे वाच.’

पुढे उपाय होते. थांबण्याआधी एंजिन मिनिटभर हळू चालू द्यावं. सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी. थांबताक्षणी बॉनेट उघडावं. ओलं फडकं पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ठेवावं, तापलेल्या लोखंडावर कधीही नाही. आणि सुरू करताना चोक ओढू नये, अ‍ॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरावा, पुन्हा पुन्हा हाणू नये. हे ते सगळं अक्षरशः पाळायचे. माझ्या वडिलांच्या दारात ते जे उभे राहायचे ते यासाठी! कारण परतीच्या वेळी गाडी अडली तर मला उशीर होईल, तुम्हांला उशीर होईल. मीच वाचून दाखवलेलं मी विसरले आणि वीस वर्षं रागावले. त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. हे सगळं मला त्या मालट्रकात, परात धरून बसल्या बसल्या उमगलं. आता ते सांगायचं कोणाला?

पहिल्या ओढ्यावर गाडी चार हँडलांत सुरू झाली. कालव्याच्या पुलावर अर्धा तास गेला. मी ट्रकातून ओरडले, ‘सोपान, बॉनेट उघड!’ तो नम्रपणे म्हणाला, ‘बाईसाब, त्याच्यावर हार हाय.’ जणू हाराखाली काही नाहीच. लासुर्ण्याला झुंबरच्या साडूंनी सरबतासाठी थांबवलं, तिथे पाऊण तास गेला. साडूंच्या घरचे आठ जण ढकलायला आले, आठही जण घामाने निथळले आणि सगळ्यांना पुन्हा सरबत द्यावं लागलं. तेव्हा मी खाली उतरून झुंबरला हात जोडले, की यापुढे नारळ चालत्या गाडीतून फोडा, देव समजून घेईल. त्याने शेळगावच्या शिवेवर तसं केलंही. देवाने समजून घेतलं असावं, पण नारळ रस्त्याकडेला बसलेल्या म्हशीला लागला आणि तिने समजून घेतलं नाही. ती ट्रकामागे बरीच लांब आली.

इंदापूरच्या वेशीवर पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तिथे मात्र थांबणं भागच होतं. रंगूबाई पाच सवाष्णी घेऊन उभी होती, पाण्याचा कलश, आरतीचं ताट, हलगीवाले, सनईवाले, सगळा थाट. नवरीला गाडीतच ओवाळलं. त्यांच्या घराण्यात अशी रीत आहे की वेशीवर ओवाळलेली नवरी मांडवाच्या दारापर्यंत ज्या वाहनात बसली त्यातूनच यायची, मधे पाय जमिनीला लावायचा नाही. लावला तर ती पांढऱ्या पायाची. ओवाळणं झालं, सोपानने हँडल मारलं, आणि गाडी काही बोलेना.

त्याने चोक ओढला. अ‍ॅक्सिलरेटर भात्यासारखा हाणला. पेट्रोलचा असा दर्प सुटला की आरतीवाल्या सवाष्णी ताट घेऊन मागे सरल्या. झुंबर हँडलाला गेला तर ते उलटं फिरलं आणि त्याचं मनगट सुजलं. सनई थांबली. आणि वन्सं, मग ती कुजबूज सुरू झाली, जिची मला लासुर्ण्यापासून भीती वाटत होती.

‘वेशीतच अडलीया. पोरीचा पायगुन बगा.’

‘बाप न्हाय तिला. लहानपनीच खाल्लाय.’

रंगूबाई मोठ्याने म्हणाली, ‘म्या गेणबाला सांगितलं हुतं. बुकं वाचनारी नगं म्हनून. आता वाच म्हनावं मुहूर्त!’

गाडीच्या काचेतून मला कौसल्येच्या मुंडावळ्या तेवढ्या दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या. ती रडत असती तर हलल्या असत्या. ती नुसती बसली होती, आणि मला कळलं की हे ‘पांढऱ्या पायाची’ आज तिला चिकटलं की तिच्या घरात पुढे म्हैस आटली तरी, पाऊस लांबला तरी, मूल दगावलं तरी तेच निघणार. चाळीस वर्षं निघणार. मला ठाऊक आहे, हे गेल्यावर आपल्या भावकीत माझ्याबद्दल काय निघालं ते. (तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही फक्त उठून गेलात. त्याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे.)

मी ट्रकातून उतरले. आधी शहाणपणाने एका बाभळीआड उभी राहिले आणि झुंबरच्या तोंडी निरोप पाठवला, की बॉनेट उघडा आणि वीस मिनिटं कोणी काही करू नका. झुंबर परत आला आणि म्हणाला, ‘सोपान म्हनतोय, काई करायचं न्हाय तर गाडी चालू कशी हुईल?’ प्रश्न बिनतोड होता. मी पुन्हा निरोप पाठवला. दोन हेलपाट्यांत झुंबरला धाप लागली आणि कुजबूज गेणबांपर्यंत गेली. तेव्हा मी मनाशी एक साधा विचार केला. मी पुढे गेले आणि गाडी सुरू झाली तर उत्तमच. नाही झाली तर लोक म्हणतील, विधवेचा हात लागला म्हणून नाही झाली. कसंही झालं तरी पोरीचं नाव सुटतं. इतका स्पष्ट विचार मी आयुष्यात फार थोड्या वेळा केला आहे.

मी बाभळीआडून निघाले तर रंगूबाई आडवी आली. ‘शकुबाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. नवरीम्होरं असं येत्यात व्हय?’

‘येत नाहीत,’ मी म्हटलं. ‘पण सोपानला वाचता येत नाही.’

ती गोंधळली आणि तेवढ्यात मी पुढे गेले. माळा काढल्या. शाल सोडली आणि दोन धटिंगण पाहुण्यांच्या हातात दिली, पंख्यासारखी हलवा म्हणून. बॉनेट उघडलं तर आतून भट्टीसारखा झोत आला. पाणी पाहिजे होतं. जवळ होतं ते फक्त रंगूबाईच्या कलशातलं, नवरीचे पाय धुवायला आणलेलं. मी कलश घेतला. (घेतला असं लिहिते. तिच्या हातून ओढला.) पदराची पट्टी फाडली, भिजवली, पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर घातली. मग मागे वळून सगळ्यांना सांगितलं की आता वीस मिनिटं स्वस्थ बसायचं.

वन्सं, लग्नातल्या माणसांना वीस मिनिटं स्वस्थ बसवणं हे एंजिन सुरू करण्यापेक्षा अवघड आहे. एकजण म्हणाला, मातीच्या ढेकळाने ठोकून बघू. दुसरा म्हणाला, टाकीत फुंकर घालू. सनईवाल्याने त्यासाठी सनई पुढे केली. तिसऱ्याला बैल जोडायचे होते. गेणबा फेटा काढून डोकं पुसत होते, पुन्हा बांधत होते. रंगूबाई म्हणाली, ‘इझलेल्या चुलीम्होरं बसल्यागत बसायचं व्हय?’ मी म्हटलं, होय, अगदी तसंच. मला स्वतःला खात्री नव्हती. पुस्तकात वेळ दिला होता तो विलायतेच्या उन्हाळ्याचा. आपल्या वैशाखाला काय लागू पडतो, देव जाणे.

सहा पस्तीसला सोपानला बसवलं. चोक नाही, पाय तळापर्यंत, हलवायचा नाही. तो हो म्हणाला आणि सवयीने पुन्हा हाणायला लागला. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. खालमानेने, मुंडावळ्या न हलवता कौसल्या म्हणाली, ‘सोपानदादा, पाय सावकाश तळाला न्या. तिथंच ठेवा. भरून आलेल्या एंजिनाला हवा हवी असते, पेट्रोल नको.’ वन्सं, हे माझं वाक्य आहे. ती सहा वर्षांची असताना यांनी ते पुस्तक माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं होतं, तेव्हा ती खाली बसून तांदूळ निवडायची. मला वाटायचं ती तांदूळ निवडते आहे.

झुंबरने डाव्या हाताने हँडल मारलं. एक खोकला आला, दुसरा आला, काळ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी सुरू झाली. हलगी कडाडली. मी बाजूला झाले. इथे पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण गाडीला माझा हात लागला होता. रंगूबाईने गोमूत्राचं भांडं मागवलं आणि गाडी शुद्ध करायला घेतली. पाहुण्यांनी बॉनेटची एक बाजू अजून उघडीच ठेवली होती. तिने भक्तिभावाने, हात आखडता न घेता, आतसुद्धा शिंपडलं. मी ‘तिथे नको’ म्हणेपर्यंत ते एंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या टोपणात उतरलं होतं. गाडी मांडवाच्या दिशेने चाळीस पावलं गेली, फडफडली आणि बंद पडली. मांडव समोर दिसत होता. सहा पंचेचाळीस झाले होते.

सोपानने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, पाणी गेलं आहे. मलाही कळलं होतं. टोपण काढून पुसलं असतं तर दोन-तीन मिनिटांचं काम. पण मग सांगावं लागलं असतं की चूक रंगूबाईची. भर वेशीत, तिच्या भावकीसमोर. आणि कौसल्येला उद्यापासून तिच्याच हाताखाली भाकरी थापायची होती. आणि टोपण पुसूनही गाडी सुरू झाली नसती तर? मी पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘माझा हात लागला म्हणून बंद पडली. पोरीचा काही दोष नाही.’

रंगूबाईच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. अपशकुनाला मालक सापडला होता. ‘बगा,’ ती म्हणाली, ‘म्या म्हनत न्हवते? पोर गुनाची हाय. ह्या बाईचा हात लागला.’ गाडीच बाटली म्हटल्यावर रीतही मोकळी झाली. मामाने भाचीला उचलून न्यावी असं ठरलं. झुंबरने सुजलेल्या मनगटासकट तिला कडेवर घेतलं आणि धावत सुटला. कौसल्येने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिला पुढे बघ म्हणून खूण केली.

वेळेवर अक्षता पडल्या. मी मांडवात गेले नाही. टोपण काढलं, पदराच्या कोरड्या टोकाने पुसलं आणि सोपानला बोलावून हँडल मारायला लावलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मंगलाष्टकांमुळे कोणाला ऐकू आलं नाही.

तर आता तुम्हीच सांगा, ही गाडी ठेवून मी काय करू? कुंडलिकला पुढच्या महिन्यात पाठवा आणि घेऊन जाऊ द्या.

तुमची,
शकुंतला

ता. क. १ : पत्र पाकिटात घालायच्या आधी चार दिवस गेले, म्हणून हे लिहिते. काल दुपारी गेणबा एकटेच आले. ओट्यावर बराच वेळ पावसाची चौकशी करत बसले. मग म्हणाले, ‘शकुबाई, आमचा नवा ट्रॅक्टर हाय. कर्जानं घेतलाय. सकाळी चालतो बगा घोड्यागत, पन न्याहारीला थांबवला की दुपारपातूर उठत न्हाय. रंगूआक्काला सांगू नगा, पन तुमी येऊन नुसता हात...’ इथे त्यांना आपण काय बोलतो आहोत ते कळलं आणि ते थांबले. मी म्हटलं, माझा हात कशाला, वाचणारी तुमच्याच घरात आहे, तिला विचारा. त्यांनी फेटा काढला आणि पुन्हा बांधला. मला वाटतं ते विचारतील. लगेच नाही, पण ट्रॅक्टर दोन-चार वेळा अडला की.

ता. क. २ : कुंडलिकला पुढच्या महिन्यात पाठवू नका. मूळ गोष्ट मी सगळ्या पत्रात लिहिली नाही, ती आता लिहिते. श्रावणात कौसल्येची पहिली नागपंचमी. तिला माहेरी आणायला मुराळी जायला हवा. झुंबर जाईल, पण रंगूबाईचा निरोप आहे की ‘त्या बाईची’ गाडी आमच्या दारात नको आणि ‘ती बाई’ही नको. मी त्या दिवशी सर्वांदेखत जे बोलले ते आता मला खोटं पाडता येत नाही. पाडलं तर सगळं पोरीवर परत जाईल. म्हणून मला तिच्या दारी जाता येत नाही, आणि मला तिला बघायचं आहे, वन्सं. तुम्ही वयाने मोठ्या, सवाष्ण, नातवंडं असलेल्या. तुम्ही पंचमीच्या आधी दोन दिवस इथे या आणि मोहनरावांची थोरली बहीण म्हणून गाडीतून तिला आणायला चला. तुम्हांला कोणी अडवणार नाही. मी तुमच्या गुडघ्यांना सोबत म्हणून येईन आणि वेशीबाहेरच उभ्या केलेल्या गाडीत बसून राहीन. पहाटे थंडाव्याला निघू, नारळ घरीच फोडू. नाही म्हणू नका.

ता. क. ३ : वय झालं आहे, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. गाडी पंचमीनंतर कुंडलिकला, हे म्हणाले होते तसं. पण तिचा पितळी भोंगा काढून सोपानला द्यावा, तो वाजवायला त्याला कोणतीही सबब पुरते. जरीची शाल फुलाबाईला. ती धुऊन इस्त्री केली आहे, तेलाचा एक डाग राहिला आहे. नारळांच्या पोत्यात सात उरले आहेत, ते झुंबरचे. रंगूबाईचा कलश चुकून माझ्या भांड्यांत आला आहे, तो तुम्ही स्वतः तिच्या हातात द्यावा. इंग्रजी पुस्तक कुंडलिकला गाडीबरोबर, आणि त्याचं मी मराठीत उतरवून ठेवलेलं बाड कौसल्येला, तिच्याच हाती, घरातल्या पुरुषांच्या नव्हे. आणि त्या दिवशीचा अपशकुन माझा मी ठेवून घेतला आहे. तो माझ्याबरोबर जाईल, त्याच्यावर कोणी हक्क सांगू नये.